‘दहा गोळ्याही झाडल्या नाहीत’ असं सांगितलेली रिव्हॉल्वर

तुमचा प्रश्न असा आहे: नागपूर शहराचं लायसन्स मिळालं, नवीन रिव्हॉल्वरची किंमत ऐकून डोळे पांढरे झाले, आणि उमरेडकडचे ओळखीतले एक काका आपली कानपूरच्या सरकारी कारखान्यातली .३२ बोरची (बोर म्हणजे नळीचं माप) रिव्हॉल्वर विकायला तयार आहेत. पंचवीसेक वर्षांपूर्वी घेतलेली. काका म्हणतात, “दहा गोळ्याही झाडल्या नाहीत, कपाटातच पडून आहे, नवीनच समजा.” बघायला जाताना काय काय तपासू?

काका खोटं बोलत नसतील. पण त्यांच्या वाक्यातलं मला खटकलं ते ‘कपाटातच पडून आहे’. मी तीस वर्षं पोलीस शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे हत्यारं तपासणारा-दुरुस्त करणारा, होतो, आणि निवृत्तीनंतर एका परवानाधारक दुकानात जुनी हत्यारं तपासून देतो. एवढ्या काळात गोळ्या झाडून झाडून झिजलेली खाजगी रिव्हॉल्वर मी फारच क्वचित पाहिली. .३२ च्या काडतुसात शिशाची गोळी असते, दाबही बेताचा. नळी झिजायला हजारो गोळ्या लागतात, आणि लायसन्सवर वर्षाकाठी जेवढी काडतुसं मिळतात तेवढ्यात ते एका आयुष्यात होत नाही. बाकी जी खराब निघाली ती एकतर पडून राहिल्यामुळे, नाहीतर कोणीतरी ‘दुरुस्त’ केल्यामुळे. म्हणजे तुम्हाला दोन चोर शोधायचे आहेत: गंज आणि कानस.

आपल्याकडे गंजाची वाट सरळ आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि तेल उडून तरी जातं, नाहीतर आटून चिकट होतं. जूनच्या शेवटी पाऊस लागला की त्याच कोरड्या लोखंडावर दमट हवा बसते. त्यात हत्यार चामड्याच्या कव्हरमध्येच ठेवलेलं. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि ओल दोन्ही ते धरून ठेवतं. कव्हर नेण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नाही, हे सांगून सांगून मी थकलो. दसऱ्याला पूजा होते, हळद-कुंकवाचं ओलं बोट लागतं, झेंडूच्या फुलाचं पाणी घोड्याच्या (चाप ओढल्यावर काडतुसावर पडणाऱ्या मागच्या हातोडीच्या) फटीतून आत जातं, आणि संध्याकाळी भक्तिभावाने आहे तसंच कपाटात. आणि निवडणुका. आचारसंहिता लागली की बरीच हत्यारं ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा होतात. २०२४ मध्ये एप्रिलला लोकसभा आणि नोव्हेंबरला विधानसभा, अशी दोनदा अनेकांची जमा होती. ज्यांनी तेल लावून, कोरड्या कापडात गुंडाळून दिली त्यांची बरी परत आली. काकांना सहज विचारा, जमा केली होती का आणि परत आल्यावर पुसली होती का. उत्तरापेक्षा त्यांचा चेहरा जास्त सांगेल.

आता प्रत्यक्ष तपासणी. जाताना चार वस्तू न्या: छोटा टॉर्च, पांढरा कागद, सुती कापडाचे तुकडे आणि फिलर गेज. हे गेज म्हणजे गॅरेजवाला मोटरसायकलचे टॅपेट लावायला वापरतो त्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. ऑटो पार्ट्सच्या कोणत्याही दुकानात मिळतो. बसायला उजेडाची जागा मागा. पायऱ्यांवर, संध्याकाळच्या चहासोबत हत्यार बघू नये.

हातात घेण्याआधी काकांनाच उघडून दाखवायला सांगा. सिलिंडरची, म्हणजे काडतुसं घालायच्या फिरत्या नळकांड्याची, सहाही घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी बघा, मग बोट घालून बघा. ‘रिकामीच आहे’ हे शब्द कोणाच्याही तोंडून आले तरी त्यांना काही किंमत नाही, माझ्या तोंडून आले तरी. खोलीत काडतुसं नकोत. तपासताना नळीचं तोंड भिंतीकडे, आणि कोरडा चाप, म्हणजे रिकाम्या हत्याराचा चाप, ओढण्याआधी मालकाची परवानगी. चांगला माणूस हो म्हणतो, पण न विचारता खाडखाड चाप ओढणाऱ्याला मीही हत्यार परत मागतो. सरावाची, दारू नसलेली काडतुसं मिळाली तर ती घालूनच ओढा. (.२२ ची असती तर कोरडा चाप ओढूच नका म्हटलं असतं, कारण त्यात घोड्याची पिन काडतुसाच्या कडेवर बसते आणि काडतूस नसेल तर ती घराच्या काठावर आपटते.)

सुरुवात नंबरापासून. लायसन्सवरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. फ्रेम, नळी, सिलिंडर यांवर जिथे जिथे नंबर असेल तिथला एकमेकांशी पण जुळवा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्या जागी धातू जरा खोलगट वाटला, तर पुढचं काही बघू नका, नमस्कार करून उठा. नंबर मिटवणं-बदलणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि असं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडतं त्याला पहिला जाब विचारतात. बोरही कोरलेला वाचा, अंदाजाने धरू नका. कानपूरची .३२ ही जुन्या इंग्रजी वेब्ली .३८ रिव्हॉल्वरच्या घडणीवरच बेतलेली आहे. लांबून दोघी सख्ख्या बहिणी दिसतात, पण .३८ आपल्याकडे प्रतिबंधित बोरमध्ये मोडते आणि तुमच्या साध्या लायसन्सवर चढत नाही.

मग गंज. वरच्या निळ्या-काळ्या पॉलिशचं फार कौतुक करू नका. कव्हरच्या घासणीने तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर रंग उडालेला असेल तर ते प्रामाणिक म्हातारपण आहे, मला आवडतं. भीती वाटते ती फार चकचकीत दिसणाऱ्याची. मागे एक जुनी विलायती वेब्ली दुकानात आली होती, आरशासारखी. नवरीसारखी नटवलेली. पण अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोल झालेल्या. मूठ उघडली तर आत गंजाचे खड्डे, नखाला लागतील एवढे. बाहेरचे खड्डे पॉलिशच्या चाकावर घासून काढले होते आणि वरून नवा रंग चढवला होता. म्हणून मुठीच्या पट्ट्या उघडायला सांगा, एकच स्क्रू असतो. घामाचा हात तिथेच लागतो आणि पुसणाऱ्याचं कापड तिथे पोचत नाही. तपकिरी पावडर पुसली जाते, तिचं काही नाही. खड्डा पुसला जात नाही.

स्क्रूंच्या खाचा बघा. सगळ्या सरळ असतील तर हत्यार कुणी उचकटलेलं नाही. खाचा चेंदलेल्या असतील तर कुणीतरी चुकीचा पेचकस घेऊन आत गेलं होतं, आणि का गेलं होतं हे काकांनी सांगायला हवं.

कानपूरची ही रिव्हॉल्वर मधून मोडून उघडते. अंगठ्याने वरची कडी दाबली की नळी खाली वाकते आणि सिलिंडरमधला ताऱ्याच्या आकाराचा भाग, म्हणजे तारा, वर येऊन सहाही पुंगळ्या, म्हणजे काडतुसांची रिकामी कवचं, एकदम उचलतो. ही घडण सुटसुटीत आहे, पण तिचा जीव त्या कडीत आणि खालच्या बिजागरीत आहे. दोन्ही सैल झाले तर बाकी सगळं नवं असूनही उपयोग नाही, म्हणून इथे वेळ घाला. रिव्हॉल्वर बंद करा, एका हाताने मूठ आणि दुसऱ्या हाताने नळी धरा, वर-खाली आणि आडवी हलवून बघा. डोळ्यांनी न दिसता बोटांना जरा जाणवली तर चालेल. टकटक आवाज आला किंवा वरच्या सांध्यात फट उघड-मिट होताना दिसली तर सौदा थांबवा. मनगटाच्या झटक्याने उघडबंद करायची सवय काही लोकांना सिनेमातून लागते. त्यांच्या हत्यारांची कडी हमखास खिळखिळी असते. उघडताना तारा पूर्ण वर येऊन शेवटी आपोआप टप्पकन खाली बसला पाहिजे. अर्ध्यात अडकत असेल तर एखाद्या पुंगळीची कड ताऱ्याखाली जाऊन हत्यार जाम होण्याचा धोका आहे. ताऱ्याचे सहा दातही टॉर्चने बघा. सिलिंडर फिरवणारा पंजा त्यांनाच ढकलतो. दातांच्या कडा गोल झाल्या असतील तर पुढची परीक्षा ती नापासच होणार.

ती परीक्षा म्हणजे सिलिंडरची वेळ. घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे ओढा. घड्याळवाल्यासारखं हळू, एका घराला चार-पाच सेकंद घ्या. दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरवर हलकं टेकवून ठेवा, थोडा विरोध होईल एवढंच. घोडा पूर्ण चढेपर्यंत घर नळीसमोर यायला हवं. मग अंगठा घोड्यावर धरूनच चाप पूर्ण दाबा, घोडा हलकेच खाली येऊ द्या, आणि चाप दाबलेलाच ठेवून सिलिंडर हलवून बघा. मोडून उघडणाऱ्या या घडणीत पक्कं कुलूप चाप पूर्ण दाबल्यावरच लागतं, त्यामुळे नुसता घोडा चढवल्यावर सिलिंडर किंचित हलला म्हणून घाबरू नका. चाप दाबलेला असताना मात्र तो जवळजवळ मुका हवा. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरची रिव्हॉल्वर असेल, जुनी अमेरिकी स्मिथ अँड वेसन किंवा कोल्ट, किंवा २०२३ मध्ये कानपूरहून आलेली ‘प्रबल’, तर घोडा पूर्ण चढायच्या आधी किंवा चढता चढताच खाच बसल्याचा ‘टिक्’ ऐकू यायला हवा.

हे सहाही घरांना करायचं. पहिल्या घरावर खडूची खूण करा म्हणजे मोजणी चुकत नाही. हे मी पुस्तकी सांगत नाही. एकदा दिवाळीच्या गर्दीत मी पाच घरं तपासली, पाचही चोख निघाली आणि सहाव्याला हात न लावता ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा झालो. नेमका त्याच घराचा दात झिजलेला होता. घर नळीसमोर नीट न येता घोडा पडायचा. रेंजवर गोळीच्या कडेचं शिसं छिलून बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या गालाला लागलं. थोडक्यात निभावलं. तो माणूस अजून मला भेटला की गालावर हात ठेवून हसतो, मला हसू येत नाही.

आता फिलर गेज. सिलिंडरचं तोंड आणि नळीचं बूड यांच्यामध्ये फट असते, असायलाच हवी. सिलिंडर मागे दाबून धरा आणि पट्ट्या घालून मोजा, मग पुढे दाबून पुन्हा मोजा. मागे दाबलेला असताना ०.१० ते ०.२५ मिलिमीटर आलं तर समाधान. ०.३० च्या पुढे गेलं की वायू बाजूने फार सुटतो, आणि मी घेत नाही. ०.१० पेक्षा बरीच कमी असेल तर दहा-वीस गोळ्यांच्या काजळीने सिलिंडर घासून अडकायला लागतो. मागच्या-पुढच्या मापातला फरक म्हणजे सिलिंडरचा पुढे-मागे हलण्याचा खेळ. तो ०.१० मिलिमीटरच्या आत हवा. काका विचारतील, हा टॅपेटचा सेट कशाला आणला? सांगा, बंदूकही इंजिनच आहे.

चापाची ताकद आणि पकड. घोडा चढवा, चापापासून बोट पूर्ण बाहेर काढा, आणि अंगठ्याने घोड्याला मागून पुढे दाबा, बेताच्या जोराने. घोडा पडला तर ते हत्यार धोकादायक आहे आणि किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. हे बहुतेक वेळा कानशीचं काम असतं. ‘चाप फार जड आहे, जरा मऊ करून द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक आणि ‘देतो की’ म्हणणारा कारागीर, दोघे मिळून घोडा अडकवून धरणाऱ्या खाचेचा कोन बिघडवतात. दुसरी तऱ्हा म्हणजे मुख्य स्प्रिंग घासून पातळ करणं. चाप लोण्यासारखा लागतो, घेणारा खूश होतो आणि काडतूस उडत नाही. चाप जड असणं हा कानपूरच्या .३२ चा दोष नाही, स्वभाव आहे. संशयास्पद मऊ लागला तर कारण शोधा. कधी कधी उलटंही असतं. हिवाळ्यात घोडा आळसावल्यासारखा चालत असेल तर आत खोबरेल तेल घातलेलं असतं, डिसेंबरच्या थंडीत ते थिजतं. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा बरं, पण उन्हाळ्यात तेही टिकत नाही. हा दोष स्वच्छतेने जातो, त्यासाठी सौदा मोडू नका, फक्त किमतीत धरा.

चाप सोडल्यावर घोडा थोडा मागे सरकून थांबला पाहिजे, आणि पिनचं टोक आतल्या भोकातून बाहेर डोकावता कामा नये. तशा स्थितीत घोड्याला पुढे दाबूनही ते बाहेर येत असेल तर रिव्हॉल्वर पडली, आपटली तर गोळी सुटू शकते. पिनचं टोक गोलसर, गुळगुळीत हवं. तुटकं किंवा टोकदार पिन काडतुसाच्या बुडातली टोपी फोडते.

घरं आणि नळी बघणं या घडणीत सोपं आहे. रिव्हॉल्वर मोडून उघडा, एका टोकाशी पांढरा कागद धरा, दुसऱ्या टोकाने बघा. आधी कापड फिरवा. घाणीत नळी नेहमी वाईट दिसते, आणि खूप तेलात नेहमी चांगली दिसते. म्हणून तेलाने चिंब केलेली नळी कोरडी पुसूनच बघायची. नळीच्या आतल्या वळणदार खोबणी कडांनी धारदार हव्यात. राखाडी पापुद्रे दिसले तर बहुतेक शिसं साचलेलं आहे, ते ब्रशने निघतं. काळे ठिपके पुसून जात नाहीत तर खड्डे. थोडे खड्डे आले तरी दहा-पंधरा पावलांवर नेम फारसा बिघडत नाही, पण साफसफाई कायमची कटकट होते. नळीच्या पोटात एक गडद कडं दिसलं, अंगठी घातल्यासारखं, तर तिथे नळी फुगलेली आहे. कधीतरी एक गोळी आत अडकली आणि मागून दुसरी झाडली. तिथे बाहेरूनही बोट फिरवून बघा. अशी नळी नाही म्हणजे नाही. नळीचं बूड, जिथे गोळी सिलिंडरमधून उडी मारून शिरते तिथला नरसाळ्यासारखा भाग, टॉर्चने नीट बघा, केसासारखी चीर सुद्धा नको. घरांच्या आत मध्यावर कडं दिसलं तर .३२ चं आखूड काडतूस बराच काळ वापरलेलं असू शकतं. पुसून गेलं तर ठीक, कोरलं गेलं असेल तर लांब पुंगळ्या अडकतील.

घरं नळीशी बरोबर सरळ आहेत का, हे नळीत डोळा लावून बघायचा मोह आवरा. त्यासाठी आर्मोररकडे मापाची सळई असते. जाणकाराला शंभर-दोनशे रुपये चहापाण्याचे देऊन ती घालून घ्या, किंवा पुढच्या पायरीवर विश्वास ठेवा.

पुढची पायरी म्हणजे झाडून बघणं. रेंजवर, काकांच्या लायसन्सवर, काकांच्या हातून. बारा गोळ्या, म्हणजे प्रत्येक घराला दोन. तुम्ही कानाला झाकण, डोळ्याला चष्मा लावून मागे उभे राहा, बाजूला नाही. दोन्ही बाजूंना पांढरा कागद उभा केला तर शिशाचे शिंतोडे लगेच दिसतात. पुंगळ्या सहज बाहेर आल्या का, त्यांच्या बुडावर पिनचा खड्डा मधोमध आणि सारख्या खोलीचा आहे का, हे घरागणिक वेगळं ठेवून बघा. एकाच घराच्या दोन्ही पुंगळ्यांवर खड्डा कडेला सरकलेला असेल तर वर सांगितलेली झीज आहे. बाराच्या बारा गोळ्या एका दमात उडाल्या तर स्प्रिंगबद्दलची शंका मिटली. ‘रेंजवर नको, उगाच खर्च’ असं काका म्हणाले तर किमतीतून खर्च मी देतो म्हणा. तरीही नको म्हणाले तर कारण त्यांना माहीत आहे.

छोटा दोष निघाला आणि तरी घ्यायचीच असेल तर दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच. हिंगण्याच्या एमआयडीसीत कुठलाही लेथवाला सुबक पिन बनवून देईल, यात शंका नाही, आपल्याकडे हात चांगले आहेत. पण बंदूक दुरुस्त करायलाही शस्त्र कायद्याचा परवाना लागतो, आणि तो त्याच्याकडे नसतो. सापडलात तर दोघंही. कानपूरच्या रिव्हॉल्वरचा एक फायदा हा की सुटे भाग मिळू शकतात. विलायती जुनी घेतली असती तर एकेक भाग हाताने घडवावा लागला असता.

कागदांचं. काका उमरेडचे म्हणजे नागपूर ग्रामीण, त्यांचं लायसन्स जिल्हाधिकाऱ्यांकडचं. तुमचं पोलीस आयुक्तांकडचं. दोन कार्यालयं आली म्हणजे दोन फायली आल्या. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे खाजगी मालकाला आपलं हत्यार दुसऱ्या पात्र माणसाला विकता येतं, पण आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. त्या ४५ दिवसांत हत्यार काकांकडेच राहतं. ‘घेऊन जा, कागद मागून करू’ हे ओळखीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, आणि तेवढंच महाग. अर्जाची पोच घ्या, तुमच्या लायसन्सवर हत्यार घ्यायची मुदत किती उरली ते आधी बघा. घाई असेल तर परवानाधारक विक्रेत्यामार्फत करा, तो आपलं कमिशन घेतो पण दोन्ही बाजूंच्या नोंदी नीट करतो. आणि तुमच्याकडे आधीच दुसरी काही हत्यारं असतील तर डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच ठेवता येतात. तीन असलेल्यांना तिसरं काढावं लागलं. तेव्हापासून बाजारात अशी जुनी, घरातली हत्यारं बरीच आली, तुमच्या काकांचंही त्यातलंच असू शकतं. विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

काका मोठेपणाने म्हणतील, “या घ्या, पंचवीस गोळ्याही सोबत न्या.” घेऊ नका. काडतुसंही कायद्याने हत्यारासारखीच हस्तांतरित होतात आणि तुमच्या लायसन्सवर त्यांची मर्यादा लिहिलेली आहे. शिवाय इतकी वर्षं चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवलेल्या काडतुसांवर पितळेला हिरवा कळंक धरलेला असतो. बुडावर ‘केएफ’ म्हणजे खडकीच्या सरकारी दारूगोळा कारखान्याचा शिक्का असला तरी ती उडतील याची खात्री मी देणार नाही. तुमच्या नव्या नोंदीवर विक्रेत्याकडून ताजी पेटी घ्या. जुन्या काडतुसांचं काय करायचं हे काकांना त्यांच्या ठाण्यात विचारू द्या.